जगातील सर्वांत शक्तिशाली लेसर : थोडी ऊर्जा, त्याहून थोडा काळ

स्मरणिकेत आठवणींचे आणि कृतज्ञतेचे लेख असतात, आणि ते असावेतच. त्यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेखही असावा अशी सूचना आली, तेव्हा विज्ञान शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांना विषय शोधत फिरावे लागले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वर्तमानपत्रांतून एक बातमी ठळकपणे छापून आली होती. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत लेसरच्या साह्याने सूर्याच्या गाभ्यातील क्रिया पृथ्वीवर घडवून आणण्यात यश आले असून अमर्याद व स्वच्छ वीज आता दृष्टिपथात आली आहे, असा तिचा आशय होता. ते कात्रण हाती घेऊन सायंकाळच्या अभ्यासिकेत आठवीतला एक विद्यार्थी आला आणि त्याने विचारले, "सर, मग आपल्या वसतिगृहाचं लाइटबिल बंद होणार का?" मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. तेच उत्तर येथे थोड्या सवडीने देत आहोत.

प्रकाशाविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्या परंपरेतील दीपाच्या उपमा आपोआप लेखणीत उतरू लागतात. त्या आम्ही जाणीवपूर्वक बाजूस ठेवल्या आहेत. येथे प्रकाश ही उपमा नव्हे. जूल आणि वॅट या एककांत मोजता येणारी ती एक वस्तू आहे.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात 'कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती' अशी व्याख्या आपण सर्वांनीच पाठ केलेली आहे. पाठ केली, म्हणूनच बहुधा ती मनात उतरली नाही. ऊर्जा आणि शक्ती हे शब्द आपण बोलताना सरमिसळ करून वापरतो, आणि लेसरच्या बातम्या वाचताना नेमकी येथेच फसगत होते. रुमानियाची राजधानी बुखारेस्टजवळ मागुरेले या गावी एक युरोपीय संशोधन केंद्र आहे. तेथील लेसरने मार्च २०१९ मध्ये १० पेटावॅट शक्तीचा प्रकाशस्पंद निर्माण केला. पेटावॅट म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके वॅट. जगातील साऱ्या वीजकेंद्रांतून सरासरीने निघणारी एकत्रित शक्ती घेतली, तर तिच्या सुमारे तीन हजार पट हा आकडा भरतो. आणि त्या एका स्पंदातील ऊर्जा किती? अडीचशे जूलपेक्षा थोडी कमीच. आपल्या भोजनगृहाच्या कोठीतील २५ किलोची तांदळाची गोणी जमिनीवरून एक मीटर उचलून फळीवर ठेवावयास जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच. कोठी सांभाळणाऱ्या मावशी हे काम दिवसातून अनेकदा करतात, आणि त्याची बातमी होत नाही.

फरक काळाचा आहे. गोणी उचलण्यास एखादा सेकंद लागतो. मागुरेले येथील स्पंद केवळ २३ फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकतो. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. फेम्टोसेकंदाचे सेकंदाशी जे प्रमाण, तेच एका सेकंदाचे तीन कोटींहून अधिक वर्षांशी. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशदेखील २३ फेम्टोसेकंदांत केसाच्या जाडीच्या एक दशांशाइतकेच अंतर कापतो. म्हणजे हा 'झोत' नव्हेच. ती प्रकाशाची एक अतिशय पातळ चकती आहे. ती येते, आदळते आणि संपते. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात एका चुटकीत पासष्ट क्षण मोजले आहेत. काळाचे इतके बारीक तुकडे करून पाहण्याची बौद्ध आचार्यांची वृत्ती आम्हास नेहमीच मोहविते. परंतु फेम्टोसेकंद त्यांना ठाऊक होता, असा दावा आम्ही मुळीच करणार नाही. असे दावे अलीकडे फार होतात, आणि त्यांनी ना धम्माचे हित होते ना विज्ञानाचे.

याच तराजूत आणखी एक बातमी तोलून पाहावी. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या संरक्षण संशोधन व विकास संस्थेने कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेसर शस्त्राची चाचणी घेतली. मागुरेले येथील लेसरच्या मानाने ही शक्ती नगण्य आहे. तरीही हा लेसर उडते ड्रोन पाडतो, कारण त्याचा झोत सलग काही काळ एकाच जागी रोखून धरता येतो. एका सेकंदात तो ३०,००० जूल ओततो. तेव्हा 'सर्वांत शक्तिशाली लेसर कोणता?' या प्रश्नाला 'कोणत्या कामासाठी?' असा प्रतिप्रश्न करणेच योग्य.

आता थोडे मागे जाऊ. उत्तेजित अवस्थेतील अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला, तर तो अणू अगदी तसाच दुसरा प्रकाशकण बाहेर टाकतो, ही कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ च्या सुमारास मांडली. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सारे एकाच दिशेने, एकाच तालात. ही कल्पना प्रत्यक्षात यावयास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी बोटाच्या पेराएवढ्या कृत्रिम माणकाच्या कांडीभोवती छायाचित्रणासाठी वापरतात तसा फ्लॅशचा दिवा गुंडाळला आणि पहिला लेसर चमकला. त्यांचा शोधनिबंध एका नामवंत नियतकालिकाने नाकारला होता. 'प्रश्नाच्या शोधात निघालेले उत्तर' अशी लेसरची त्या काळी थट्टा होत असे.

पुढील काही वर्षांत लेसरची शक्ती झपाट्याने वाढत गेली, आणि मग ती एका भिंतीशी येऊन थांबली. ही भिंत काचेची होती. प्रकाशाचे प्रवर्धन ज्या काचेत किंवा स्फटिकात होते, त्यातून फार तीव्र स्पंद गेला की तो आपणहून एका बिंदूवर एकवटू लागतो आणि काचेलाच जाळतो. म्हणजे लेसर जितका समर्थ, तितका तो स्वतःचाच नाश करणार. त्यावर उपाय म्हणून यंत्रे रुंदीने वाढविण्यात येऊ लागली. ती खर्चिक झाली आणि मोजक्या राष्ट्रीय प्रयोगशाळांपुरती उरली.

ही कोंडी १९८५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात फुटली. फ्रान्सचे जेरार मुरू आणि त्यांची कॅनडाहून आलेली विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी योजलेली युक्ती समजून घेण्यासाठी आपल्या भोजनगृहाचे दार डोळ्यांसमोर आणावे. जेवणाची घंटा झाली की सारी मुले एकदम दारावर लोटली, तर चौकट मोडेल. म्हणून आपण त्यांना रांगेत उभे करतो. रांग लांबते, दारावरील ताण कमी होतो, प्रत्येकाच्या ताटात वाढून होते आणि मग सारी मुले आपापली ताटे घेऊन पुन्हा अंगणात एकत्र बसतात. स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी प्रकाशाच्या स्पंदाशी हेच केले. अतिलघू स्पंदात एकच रंग नसतो, अनेक रंग मिसळलेले असतात. काचतंतूतून जाताना तांबड्या बाजूचे रंग पुढे सरकतात, निळ्या बाजूचे मागे रेंगाळतात आणि स्पंद ताणला जातो. ताणलेला स्पंद सौम्य असतो. त्याचे निर्धास्तपणे प्रवर्धन करता येते. शेवटी अतिशय बारीक रेघा आखलेल्या जालकांच्या जोडीवरून त्याला असे परावर्तित करतात की पुढे गेलेल्या रंगांना लांबचा रस्ता पडतो, मागच्यांना जवळचा, आणि सारे पुन्हा एकाच वेळी पोहोचतात. संकुचित झालेला स्पंद आता प्रचंड शक्तीचा असतो, पण तोवर काच मागे पडलेली असते.

या प्रयोगातील एक तपशील आम्हास विशेष भावतो. त्यांनी अडीच किलोमीटर लांबीचा काचतंतू आणला होता. एका टोकाने सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाने बाहेरच येईना. तंतू मध्येच कोठेतरी तुटलेला असावा. शेवटी १.४ किलोमीटरच्या तुकड्यावर काम भागविले. हा स्ट्रिकलंड यांचा पहिलाच शोधनिबंध होता. २०१८ मध्ये त्याच कामासाठी दोघांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. १९०३ मध्ये मेरी क्युरी, १९६३ मध्ये मारिया गोएपर्ट-मायर आणि त्यानंतर थेट ५५ वर्षांनी डॉना स्ट्रिकलंड. भौतिकशास्त्रात हा सन्मान मिळविणारी ती केवळ तिसरी स्त्री. आमच्या मुलींच्या वसतिगृहात हे तीन आकडे आम्ही फळ्यावर लिहितो आणि मधल्या अंतराविषयी त्यांनाच बोलू देतो.

पहिला पेटावॅट लेसर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत याच युक्तीने उभा राहिला. आज दक्षिण कोरियातील ग्वांगजू, चीनमधील शांघाय, अमेरिकेतील मिशिगन अशा अनेक ठिकाणी पेटावॅट वर्गातील यंत्रे आहेत.

अशा यंत्रांचा उपयोग काय, असे पालक विचारतात. सर्वांत जवळचा उपयोग डोळ्यांचा. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशिगन विद्यापीठात, मुरू यांच्याच प्रयोगशाळेत, संरक्षक चष्मा न लावलेल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेसरचा स्पंद गेला. सुदैवाने दृष्टी वाचली. तपासणाऱ्या तरुण नेत्रतज्ज्ञाच्या मात्र लक्षात आले की झालेली जखम विलक्षण नेटकी आहे. तिच्या कडेला भाजल्याची खूण नाही. कारण उघड होते. उष्णता आजूबाजूला पसरण्याच्या आतच स्पंद संपलेला असतो. त्या निरीक्षणातून चष्म्याचा नंबर घालविणारी, पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेसरने बुबुळावरील पारदर्शक पडदा कापणारी शस्त्रक्रिया विकसित झाली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी ती करून घेतली असेल. मोबाइलची काच तडा न जाऊ देता कापण्यासाठीही असेच लेसर वापरतात. (ही दोन्ही कामे पेटावॅटची नव्हेत, त्यांना त्याच घराण्यातील पुष्कळ धाकटी भावंडे पुरतात.)

मोठ्या यंत्रांचे उपयोग अद्याप बहुतांशी संशोधनाच्याच पातळीवर आहेत. तीव्र स्पंद विरळ वायूतून गेला की त्याच्यामागे, होडीमागे पाणी उसळावे तशी, विद्युतभाराची लाट उठते आणि त्या लाटेवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात. बर्कली येथे या पद्धतीने अवघ्या वीस सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉनांना सुमारे आठ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देण्यात आली आहे; नेहमीच्या त्वरकाला त्यासाठी काही शे मीटर जागा लागली असती. कर्करोगावरील प्रोटॉन उपचारासाठीची अवाढव्य यंत्रे अशाने लहान व स्वस्त व्हावीत, हा या संशोधनामागील एक हेतू आहे. तो सफल झाल्याचे आज कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता त्या आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. कात्रणातील लेसर मागुरेले येथील लेसरपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. लिव्हरमोर येथील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीची इमारत दहा मजली उंच आणि तीन फुटबॉल मैदानांएवढी आहे. तिच्यात लेसरच्या १९२ शलाका आहेत. एका नगण्य स्पंदापासून सुरुवात होते; तो विभागला जातो आणि निओडायमियम मिसळलेल्या काचेच्या हजारो लाद्यांतून पुनःपुन्हा जात वाढत राहतो. सुमारे दीड किलोमीटरचा प्रवास करून १९२ शलाका दहा मीटर व्यासाच्या गोल कक्षात एकाच वेळी शिरतात आणि सुमारे सेंटिमीटरभर लांबीच्या पोकळ नळकांडीत घुसतात. त्या नळकांडीच्या आतील भिंतीतून क्ष-किरण उसळतात. मध्यभागी मिरीच्या दाण्याहून लहान, दोन मिलिमीटरची हिऱ्याची पोकळ गोळी असते; तिच्यात हायड्रोजनचे ड्युटेरियम व ट्रिटियम हे दोन भाऊबंद गोठविलेले असतात. क्ष-किरणांनी गोळीचा बाह्य थर उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने आतील भाग सर्व बाजूंनी चिरडला जातो. तापमान दहा कोटी अंशांच्या वर जाते आणि अणुकेंद्रके एकमेकांत मिसळतात. सूर्याच्या गाभ्यात चालते ते हेच संमीलन, मात्र तेथे साधा हायड्रोजन असतो.

हा विचार नवा नव्हता. १९७७ मध्ये तेथेच वीस शलाकांचा लेसर उभारला गेला होता आणि त्याचे नाव, अनेक हातांच्या देवतेवरून, 'शिवा' असे ठेवले होते. नंतर 'नोव्हा' आला. दोहोंनी पुष्कळ शिकविले, पण गोळी पेटली नाही. आताची इमारत १९९७ मध्ये बांधावयास घेतली, २००९ मध्ये पूर्ण झाली आणि त्यानंतरही तेरा वर्षे गेली. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जा गोळीच्या नळकांडीवर पडली आणि संमीलनातून ३.१५ मेगाजूल बाहेर आली. आत गेली त्याहून अधिक बाहेर आली, असे प्रयोगशाळेत प्रथमच घडले. हे यश खरे आहे, मोठे आहे, आणि त्यामागे दोन पिढ्यांची चिकाटी आहे.

परंतु हिशेब पुरा करावयास हवा. आपल्या विजेच्या बिलातील एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. त्या ऐतिहासिक क्षणी लेसरने ओतलेली ऊर्जा अर्ध्या युनिटाहून थोडीच अधिक होती. तिने साधारण साडेसहा लिटर पाणी उकळीपर्यंत आले असते. बाहेर आलेली ऊर्जादेखील एका युनिटापेक्षा कमीच. आणि तो लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ८० हून अधिक युनिटे वीज खर्ची पडली. कारण फ्लॅशच्या दिव्यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश लेसरच्या वाट्यास येतो. बाकी उष्णता होऊन जाते. त्या उष्णतेने तापलेली काच निवावयास काही तास लागतात. वीजकेंद्रासाठी मात्र अशा गोळ्या सेकंदाला दहाच्या आसपास पेटाव्या लागतील. जुलै २०२३ मध्ये त्याच यंत्राने ३.८८ मेगाजूल दिले, त्यानंतर त्याहूनही अधिक; दिव्यांऐवजी डायोडांनी चालणारे, पुष्कळ अधिक कार्यक्षम आणि सेकंदाला अनेक स्पंद देऊ शकणारे लेसरही अन्यत्र तयार होत आहेत. वाट आहे, पण लांब आहे. वसतिगृहाचे लाइटबिल येत राहील.

बातमीतून गळलेली आणखी एक बाब आहे, आणि आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत ती न लिहिणे आम्हास अप्रामाणिकपणाचे वाटते. हे यंत्र मुळात विजेसाठी बांधलेले नाही. अमेरिकेने सप्टेंबर १९९२ नंतर अणुबॉम्बची स्फोटचाचणी केली नाही. चाचणी न करता साठ्यातील शस्त्रे कार्यक्षम आहेत की नाहीत हे कसे पडताळावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून, हायड्रोजन बॉम्बच्या अंतर्भागातील परिस्थिती गोळीएवढ्या आकारात निर्माण करण्यासाठी हे यंत्र उभारले गेले. त्याचा पैसाही अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या विभागाकडून येतो. फ्रान्समध्ये बोर्दोजवळचा मेगाजूल लेसरही त्याच हेतूने उभा आहे. याची दुसरी बाजूही आहे. अशी यंत्रे आहेत म्हणून वाळवंटात व बेटांवर प्रत्यक्ष स्फोट करण्याचे कारण उरत नाही, असे त्यांचे समर्थक म्हणतात, आणि ते अगदीच निराधार नाही. आमच्यामध्येही यावर एकमत झाले नाही. आमच्यातील एका सहकाऱ्याच्या मते ज्या यंत्राने स्फोट थांबतात ते स्वीकारावे. दुसऱ्याच्या मते ज्याने शस्त्र टिकते ते नाकारावे. १९७४ च्या पोखरण चाचणीला बुद्धाच्या हास्याचे नाव जोडले गेले आणि १९९८ ची चाचणी नेमकी बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, ११ मे रोजी झाली, याचे शल्य आपल्या समाजात अनेकांना आहे. तेव्हा हा वाद आपल्यासाठी दूरच्या देशाचा नाही. तो विद्यार्थ्यांपुढे आम्ही मिटवून नव्हे, तर उघडाच ठेवतो.

भारतात या क्षेत्रात काय चालले आहे, हे जाणून घेण्यासाठी फार लांब जावयास नको. मुंबईत कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अतितीव्र लेसर स्पंद घन पदार्थावर आदळल्यावर काय होते याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्या आघातातून क्षणमात्र जो प्लाझ्मा तयार होतो, त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कोट्यवधी पट तीव्र क्षेत्रे निर्माण होतात आणि त्यांचे वर्तन ताऱ्यांभोवतीच्या खळबळीशी जुळते, असे त्यांनी मोजून दाखविले. समुद्राकाठच्या त्या इमारतीत एका मेजावर ताऱ्याचा तुकडा तपासला जातो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे लेसर संशोधनाचे देशातील दुसरे मोठे ठिकाण.

आणि शेवटी हिंगोली. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तेथेही लेसरच मुख्य असेल; पण त्याची मूळ शक्ती शे-दोनशे वॅटच्या पातळीची, घरातील पंख्या-दिव्यांच्या हिशेबातली. त्याने काही फोडावयाचे नाही, पेटवावयाचे नाही. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून त्याने जावयाचे आणि यावयाचे, आणि त्या दोन वाटांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी फरक पडला तरी तो सांगावयाचा. त्यासाठी त्याच्या प्रकाशाची लय किंचितही ढळून चालणार नाही. मराठवाड्यातील जी मुले आज आपल्या वसतिगृहात सातवी-आठवीत आहेत, त्यांतील काहींच्या गावाहून ही वेधशाळा एस.टी.च्या एका प्रवासाच्या अंतरावर असेल.